सापाचे स्नायूतंतू कसे ओळखायचे: बांधावरच्या धामणीपासून मायक्रोस्कोपखालच्या स्लाईडपर्यंत

एमएस्सी झूलॉजीची मुलं सापाच्या स्नायूंवर प्रोजेक्ट करायचं म्हणून येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, मॅडम कुठला स्टेन (स्नायूचा काप रंगवायचं रसायन) वापरायचा. माझं उत्तरही ठरलेलं आहे, स्टेन सगळ्यात शेवटी, आधी मला सांगा तो स्नायू दिवसभर करतो काय. कारण मुलांनी टाइप वन, टाइप टू ए, टू बी असं तंतूंच्या प्रकारांचं टेबल पाठ केलेलं असतं, ते टेबल आलेलं असतं माणसाच्या नाहीतर उंदराच्या स्नायूवरून, आणि ते तसंच उचलून सापावर चिकटवलं की पुढचे सहा महिने नुसता गोंधळ. सापाला पाय नाहीत, छातीचा पडदा नाही, पळणं, चढणं, गिळणं, श्वास घेणं सगळं त्या लांब अंगातल्या मणक्यांना आणि बरगड्यांना जोडलेल्या स्नायूंवर. एकाच बरगडीला चिकटलेले दोन स्नायू अगदी वेगवेगळी नोकरी करतात. म्हणून आधी काम बघा, मग तंतू बघा.

ज्यांना हा विषय नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कोंबडीची तंगडी लालसर असते आणि छातीचं मटण पांढरं असतं, हे आपण लहानपणापासून ताटात बघतोय. तंगडीवर कोंबडी दिवसभर चालते, त्यामुळे तिथल्या तंतूंत मायोग्लोबिन (ऑक्सिजन धरून ठेवणारं लाल प्रथिन) आणि मायटोकाँड्रिया (पेशीतली ऊर्जेची केंद्रं) भरपूर, ऑक्सिजनवर चालणारे, उशिरा थकणारे. छाती फक्त जीव वाचवायला फडफडून उडायची तेव्हा कामाला लागते, एकदम जोर, एकदम दमणूक, आणि इंधन म्हणजे साठवलेलं ग्लायकोजन, स्नायूतली साखरेची शिदोरी. सापातही हेच दोन टोकांचे तंतू आहेत आणि मधले पण आहेत. झटपट आणि लवकर दमणारे फास्ट ग्लायकोलिटिक, झटपट पण दम असलेले फास्ट ऑक्सिडेटिव्ह ग्लायकोलिटिक, आणि हळू चालणारे ऑक्सिडेटिव्ह.

पण सापात अजून एक मंडळी आहे जी माणसाच्या हातापायात सापडत नाही (आपल्याकडे ती डोळ्याच्या बुबुळाला फिरवणाऱ्या स्नायूत वगैरे अशा मोजक्या जागी उरलीय), ती म्हणजे टॉनिक तंतू. साधा ट्विच तंतू (वरचे तिन्ही त्यातलेच) कसा वागतो, नसेचा म्हणजे मज्जातंतूचा एक सिग्नल आला की विजेची लाट तंतूभर धावते आणि अख्खा तंतू एक झटका देऊन सैल पडतो. टॉनिक तंतूत अशी लाट सहसा धावत नाही, त्याला नसेची टोकं एकाच जागी न येता लांबीभर बऱ्याच ठिकाणी टेकलेली असतात, सिग्नल जितके जास्त तितका तो हळूहळू आवळत जातो आणि मग तसाच आवळून धरतो, फार कमी खर्चात. झटका मारणं हे त्याचं काम नाही, धरून ठेवणं हे त्याचं काम. अमेरिकेतल्या गार्टर सापाच्या पोटाच्या भिंतीत ट्रान्सव्हर्सस अॅबडॉमिनिस नावाचा स्नायू आहे, तो इतका पातळ की फक्त एका तंतूच्या जाडीचा पडदा, आणि त्यात ट्विच आणि टॉनिक तंतू आलटून पालटून शेजारी शेजारी बसलेले असतात, जसे चटईत दोन रंगांचे धागे. १९८० च्या दशकात नस आणि तंतू यांची जोडी कशी जमते हे शोधायला शास्त्रज्ञांनी हाच पडदा वापरला, कारण त्यात प्रत्येक तंतू वेगळा दिसतो. मला स्वतःला हा स्नायू फार आवडतो, सापाच्या शरीरातली एवढी साधी आणि एवढी सुबक गोष्ट दुसरी नाही.

आता कामाला लागू.

आधी बाहेर जाऊन बघा

वही, मोबाईल आणि थर्मामीटर एवढंच लागतं. साप दिसला तर लांबून बघायचं, निदान चार-पाच मीटर, पकडायचं नाही, काठीने डिवचायचं नाही. विषारी की बिनविषारी हे ओळखता येत असलं तरी नाही.

धामण बांधावरून पळताना दिसली तर तिच्या अंगाची लाट बघा. डावीकडे उजवीकडे वळणं पडतात आणि प्रत्येक वळण एखाद्या ढेकळाला, गवताच्या बुंध्याला रेटतं, त्या रेट्यावर ती पुढे सरकते. या वेळी मणक्याच्या वरच्या बाजूचे तीन मोठे स्नायू, सेमीस्पायनॅलिस-स्पायनॅलिस, लाँजिसिमस डॉर्सी आणि इलिओकोस्टॅलिस, एकदा डाव्या आणि एकदा उजव्या बाजूने आवळतात. इथे झटपट तंतूंचं राज्य असणार असा अंदाज वहीत लिहून ठेवा. आणि घड्याळ बघा, ती किती वेळ पूर्ण वेगात पळते. बऱ्याचदा मिनिटभराच्या आत ती कुठेतरी घुसते किंवा थांबते. सापासारख्या थंड रक्ताच्या प्राण्याची ऑक्सिजन पुरवायची ताकद सस्तन प्राण्यापेक्षा खूप कमी, त्यामुळे असा जोराचा पल्ला मुख्यतः ग्लायकोजन जाळून मारला जातो आणि मागे लॅक्टेट साठतं.

इथे सर्पमित्रांना एक मनापासून सांगायचंय. ते लॅक्टेट आपल्यासारखं अर्ध्या तासात साफ होत नाही, सरपटणाऱ्या प्राण्यांत त्याला तासच्या तास लागतात. पकडलेल्या सापाला लोकांना दाखवण्यासाठी दहा मिनिटं शेपटीला धरून लटकवला, तो तडफडला, उसळला, की त्याच्या झटपट तंतूंची टाकी रिकामी झालेली असते, आणि मग तुम्ही त्याला लगेच रानात सोडता तेव्हा मुंगूस नाहीतर मोर समोर आला तर त्याच्याकडे पळायला काहीच उरलेलं नसतं. साप बरणीत शांत राहू द्या, अंधार द्या, पिशवी झाकून ठेवा, आणि व्हिडिओ काढणाऱ्यांना नाही म्हणा. तो गपगुमान पडलेला दिसतो म्हणून तो बरा आहे असं नसतं, बऱ्याचदा तो दमून पडलेला असतो.

पुढची हालचाल बघायची ती अजगराची किंवा घोणशीची. हे जड साप घाईत नसले की अंग अजिबात न वळवता सरळ रेषेत पुढे जातात, जणू कुणी दोरीने ओढतंय. हे बघायला नजर पोटाच्या खवल्यांवर ठेवा. जमिनीवरची एखादी काडी धरून ठेवा नजरेत आणि एकच खवला बघत राहा, तो पुढे उचलला जातो, टेकतो, मग जागेवर चिकटून राहतो आणि वरचं अंग त्याच्यावरून पुढे सरकतं. लोक म्हणतात साप बरगड्यांवर चालतो, तर तसं नाही, या चालीत बरगड्या जवळजवळ हलतच नाहीत. बरगडीपासून कातडीकडे जाणारे कॉस्टोक्युटेनियस नावाचे दोन स्नायू आहेत, वरचा कातडी पुढे खेचतो, आणि खालचा, पोटाची कातडी जमिनीला घट्ट असताना, सांगाडा पुढे ओढतो. वहीत लिहा: हळू, सारखी, तासन्‌तास करायची हालचाल. इथे झटपट पांढरे तंतू मुख्य असतील असं तुम्हाला वाटतं का? आणि याच कॉस्टोक्युटेनियस स्नायूत ट्विच आणि टॉनिक दोन्ही प्रकारचे तंतू असल्याचं १९७० च्या सुमारास दाखवलं गेलंय. मला तर त्या आधी चाल बघूनच पटतं की इथे धरून ठेवणारं कुणीतरी हवंच.

विळखा तर अजगराचाच. हाडं मोडतात, श्वास कोंडतो असं आपण ऐकत आलोय, पण बोआवर (अमेरिका खंडातला अजगरासारखा विळखा घालणारा साप) केलेल्या प्रयोगात दिसलं की विळख्याच्या दाबाने भक्ष्याचं रक्ताभिसरणच काही सेकंदांत कोलमडतं. त्याहून भारी गोष्ट, मेलेल्या उंदरात खोटं धडधडणारं हृदय बसवलं तर बोआ जास्त वेळ आवळत राहिले, म्हणजे भक्ष्याचे ठोके त्यांना अंगाने कळतात आणि ठोके थांबले की ते सैल सोडतात. स्नायूंच्या विजेच्या नोंदी बघितल्या तर विळख्यात स्नायू सलग ताणलेला नसतो, अधूनमधून आवळतो, भक्ष्य हललं की पुन्हा आवळतो. आणि हे सगळं चालू असताना साप श्वास कसा घेतो? बोआ आपला श्वासाचा भाग बदलतो, आवळलेल्या भागातल्या बरगड्या बंद, मागच्या मोकळ्या भागातल्या बरगड्या चालू. तुमच्या वहीत या एकाच सापाच्या पुढच्या आणि मागच्या भागाला वेगवेगळी नोंद पाहिजे.

जाता जाता, धामण गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते हे गावोगावी अजून सांगतात. धामण विळखा घालून मारणारा साप नाही, ती भक्ष्याला अंगाखाली दाबून धरते आणि गिळते, आणि दूध ओढून घ्यायला लागणारे ओठ-गालांचे स्नायू कुठल्याच सापाला नाहीत.

चावा मोबाईलवर बघायचा असेल तर कुणाला उचकवू नका, साप भक्ष्य पकडतानाचे चांगले व्हिडिओ पुष्कळ आहेत ते स्लो करून बघा. सापाचा झेप घेऊन मारलेला चावा डोळ्याची पापणी लवायच्या आत होतो, साधारण ५० ते ९० मिलिसेकंद. साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत ७० मिलिसेकंदांचा चावा दोन फ्रेममध्ये संपतो, काहीच दिसत नाही, २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये तोच सोळा-सतरा फ्रेम होतो आणि मान कशी सरळ झाली, जबडा कधी उघडला हे मोजता येतं. फक्त घोणस-फुरसेच विजेसारखे असतात असा समज होता, पण २०१६ मध्ये अमेरिकेतल्या बिनविषारी रॅट स्नेकचे चावे मोजले तर ते वायपरांच्या (घोणस-फुरशांच्या कुळातल्या सापांच्या) बरोबरीने वेगवान निघाले. म्हणजे मानेतले झटपट तंतू ही विषारी सापांची मिरासदारी नाही.

नागाचा फणा मात्र उलट्या जातीचं काम आहे. मानेतल्या लांब बरगड्या पुढे आणि बाहेर फिरवून कातडी ताणून धरायची आणि समोरचा धोका जाईपर्यंत तशीच धरायची. बीन वाजवून तासभर फणा काढायला लावलेल्या नागाकडे लोक कौतुकाने बघत असतात, मला त्या वेळी त्याच्या मानेतला प्रत्येक तंतू दिसतो, नाग बिनीचा सूर ऐकून डोलत नसतो, हलणाऱ्या पुंगीला धोका समजून तो तिच्याकडे तोंड करून असतो. हरणटोळ एका फांदीवरून दुसऱ्या फांदीकडे निम्मं अंग हवेत आडवं करून थांबते तेव्हाही असंच, कुठलाही आधार नाही, नुसतं धरून ठेवायचं. अशा जागी टॉनिक आणि हळू तंतू शोधायचे.

प्रत्येक नोंदीशेजारी तापमान लिहा, हे विसरलात तर बाकी सगळं वाया. सकाळी गारठ्यात जी धामण जेमतेम सरकते तीच अकरा वाजता बाणासारखी जाते, तंतू तेच, फक्त गरम झालेत.

तापमानाचं सगळ्यात सुंदर उदाहरण आपल्याकडचं नाही, अमेरिकेतल्या रॅटलस्नेकचं आहे, आणि तंतू समजून घ्यायचे तर त्याच्याशिवाय पुढे जाऊ नका. त्याच्या शेपटीच्या टोकाला खुळखुळा असतो आणि तो हलवणारे थोडेसे स्नायू शेपटीच्या बुडाशी. गार असताना सेकंदाला वीसेक वेळा, अंग तापलं की नव्वदच्या घरात. एका सेकंदात नव्वद वेळा आवळायचं आणि नव्वद वेळा सैल व्हायचं. आणि हे मिनिटभर नाही, तासन्‌तास चालू शकतं. आता वर सांगितलेला नियम आठवा, झटपट असेल तो बहुतेक लवकर दमतो, मग हा का दमत नाही? उत्तर त्याच्या तंतूच्या आत आहे. आपल्या साध्या स्नायूतंतूत आवळायचं काम करणारे मायोफायब्रिल बहुतेक सगळी जागा व्यापतात. खुळखुळ्याच्या तंतूत ते जेमतेम तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, साधारण चौथा हिस्सा मायटोकाँड्रिया, आणि जवळपास तेवढीच सारकोप्लाझ्मिक रेटिक्युलम म्हणजे कॅल्शियम सोडणारी आणि परत ओढून घेणारी जाळी. सैल पडायला कॅल्शियम परत आत ओढावं लागतं, नव्वद वेळा ओढायचं तर पंप तेवढे हवेत, म्हणून जाळी मोठी. ऊर्जा सतत हवी म्हणून मायटोकाँड्रिया जास्त. आणि या दोघांना जागा करून दिली म्हणून ताकद गेली. वेग, दम आणि जोर तिन्ही एकाच तंतूत मावत नाहीत, दोन घेतले की तिसरा सोडावा लागतो. याच सापाच्या पाठीचा स्नायू बाजूला ठेवून बघितला तर वेगळ्याच प्राण्याचा वाटतो. एका सापाला एक प्रकार असं का म्हणायचं नाही, ते इथे कळतं.

मग लॅब, पण आधी कोंबडी

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आहे, साप पकडणं, मारणं, बाळगणं गुन्हा, आणि रस्त्यावर गाडीखाली मेलेला सापसुद्धा परवानगीशिवाय उचलून लॅबमध्ये आणायचा नाही. वनखात्याची लेखी परवानगी आणि संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी, दोन्ही हातात आल्याशिवाय सुरुवात नको. यात महिने जातात. ते महिने वाया घालवू नका, चिकनच्या दुकानात जा.

खरं सांगते, सगळ्यात चांगली प्रॅक्टिस तिथेच होते. दुकानदाराला सांगायचं की समोर कापलेली कोंबडी पाठीसकट द्या, कातडी सोलताना पाठ तोडू नका. पंखाचा खांदा आणि पाठीचा कणा यांच्या मधे कातडीच्या लगेच खाली दोन पातळ पट्ट्या असतात. डोक्याच्या बाजूची अरुंद, लालसर पट्टी म्हणजे अँटेरियर लॅटिसिमस डॉर्सी, तिच्या मागची फिकट रुंद पट्टी पोस्टेरियर लॅटिसिमस डॉर्सी. पुढची हळू टॉनिक तंतूंची, पंख अंगाशी मिटून धरायचं काम तिचं, मागची झटपट ट्विचची. म्हणजे सापात ज्या टॉनिक तंतूंसाठी तुम्ही धडपडणार आहात त्यांचा खात्रीचा नमुना शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. तुमचा स्टेन या दोन पट्ट्यांत फरक दाखवत नसेल तर तो सापातही दाखवणार नाही, आधी इथे जमवा.

गोठवणं हा सगळ्यात जास्त बिघडणारा टप्पा आहे म्हणून इथे सावकाश वाचा. स्नायूचा पाच मिलिमीटरचा तुकडा घ्या, तंतू उभे राहतील असा बुचावर डिंकात बसवा (गम ट्रॅगाकँथ मिळतो तो), म्हणजे कापताना तंतूंची गोल तोंडं दिसतील. आयसोपेंटेन (एक पातळ, ज्वलनशील द्रव) एका छोट्या धातूच्या पेल्यात घेऊन तो पेला लिक्विड नायट्रोजनमध्ये धरा आणि तळाला पांढरे दाणे दिसेपर्यंत थांबा, मगच तुकडा बुडवा, दहा-पंधरा सेकंद. माझ्या पहिल्या वर्षी मी हा पेला वगळला होता, तुकडा थेट नायट्रोजनमध्ये टाकला, वाटलं जास्त थंड म्हणजे जास्त चांगलं. स्लाईड मायक्रोस्कोपखाली ठेवली तर प्रत्येक तंतू आतून पोखरलेला, जाळीदार पावासारखा, आणि मी दोन आठवडे ती जाळी म्हणजे काहीतरी नवीन शोध समजून तिची चित्रं काढत बसले. होतं काय, थेट नायट्रोजनमध्ये टाकलं की तुकड्याभोवती वाफेचं कवच तयार होतं, ते उष्णता बाहेर जाऊ देत नाही, तुकडा हळू गोठतो आणि आत बर्फाचे मोठे स्फटिक वाढून तंतू फाडतात. तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो ना, तसाच प्रकार. आयसोपेंटेन उकळत नाही म्हणून कवच होत नाही. हे सगळं फ्यूम हूडमध्ये, आयसोपेंटेन पटकन पेट घेतं, आणि बंद खोलीत नायट्रोजनची वाफ साठली तर जीव गुदमरतो, खिडकी उघडी ठेवा.

क्रायोस्टॅट (गोठलेल्या तुकड्याचे पातळ काप करणारं यंत्र) उणे वीस ते उणे पंचवीस सेल्सिअसच्या मधे, ८ ते १० मायक्रॉनचे काप, एकामागून एक, आणि त्याच क्रमाने स्लाईडवर नंबर टाका कारण तोच तंतू पुढच्या स्लाईडवर पुन्हा शोधायचाय.

स्टेन निदान तीन लागतात, एकाने भागत नाही. पहिला मायोसिन एटीपीएज (मायोसिन म्हणजे तंतू आवळणारं प्रथिन), हा तंतू झटपट की हळू ते सांगतो, काप आधी आम्ल किंवा अल्कली द्रावणात ठेवून मग. दुसरा सक्सिनेट डिहायड्रोजनेज, म्हणजे मायटोकाँड्रिया किती, जितका निळा जांभळा तितका ऑक्सिजनवर चालणारा. तिसरा पीएएस, गुलाबी म्हणजे ग्लायकोजन.

इथे सापाची खास अडचण येते. सस्तन प्राण्यांच्या पुस्तकात आम्लाचा पीएच ४.३ आणि ४.६, अल्कलीचा १०.३ ते १०.४ दिलेला असतो आणि मुलं तोच वापरतात, मग अख्खी स्लाईड एकाच रंगाची येते आणि मुलं म्हणतात सापात सगळे तंतू सारखेच. सारखे नाहीत, त्यांचं मायोसिन वेगळ्या पीएचला बंद पडतं. आम्लाच्या बाजूने ४.२ पासून ४.८ पर्यंत आणि अल्कलीच्या बाजूने १० पासून १०.६ पर्यंत शून्य दशांश एकच्या पायऱ्यांनी काप ठेवून बघा, कुठे फरक फुटतो ते. पीएच मीटर त्याच सकाळी कॅलिब्रेट केलेला असावा आणि द्रावण ज्या तापमानाला वापरणार त्याच तापमानाला मोजावं. कंटाळवाणं आहे, तीन-चार दिवस जातात, पण हे केलं नाही तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

टॉनिक तंतू फक्त एटीपीएजवर ओळखायचा मोह टाळा, बऱ्याचदा तो मधल्याच छटेचा दिसतो आणि मधल्या छटेत कुणालाही ढकलता येतं. नसेची टोकं बघा. तंतू आडवे न कापता लांबीने सोडवून कोलिनएस्टरेजचा स्टेन करा, ट्विच तंतूवर एकाच जागी गच्च तपकिरी डाग येईल, टॉनिकवर लांबीभर बारीक ठिपक्यांचे घोस. आजकाल सगळे यासाठी चमकणारं अल्फा-बंगारोटॉक्सिन वापरतात, ते मण्यारीच्याच जातीतल्या तैवानकडच्या एका सापाच्या विषातून आलेलं आहे, १९६३ मध्ये वेगळं केलं, आणि स्नायूवरच्या असिटाइलकोलिन रिसेप्टरला (नसेचा सिग्नल झेलणाऱ्या प्रथिनाला) घट्ट चिकटतं. उंदरावर छान चालतं. नागावर चालत नाही! नागाच्या रिसेप्टरवर त्या चिकटायच्या जागेशीच साखरेची एक साखळी लटकलेली असते, तिच्यामुळे विष बसतच नाही, म्हणूनच नाग स्वतःच्या विषाने मरत नाही. मुंगसाच्या रिसेप्टरलाही अशीच तटबंदी आहे. तेव्हा सापाच्या स्लाईडवर बंगारोटॉक्सिन चमकलं नाही म्हणून नसेची टोकंच नाहीत असा निष्कर्ष काढू नका.

नमुना कुठून घ्यायचा हे पण आधी ठरवा. सापाच्या पाठीचा एक स्नायू आणि त्याची शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला बांधणारी दोरी) मिळून पुष्कळ मणके ओलांडून जातात, अजगर-बोआच्या गटात साधारण पंधरा, पळणाऱ्या काही सापांत तीसच्या वर. त्यामुळे एका जागी आडवा काप घेतला की त्यात कितीतरी स्नायूंचे तुकडे येतात, कुणाचा मधला मांसल भाग, कुणाची नुसती शीर. तोंडापासून गुदद्वारापर्यंतची लांबी मोजा आणि पाव, अर्धी, पाऊण अशा तीन जागी नमुने घ्या, प्रत्येक जागी वरचा आणि हाडाजवळचा भाग वेगळा.

मोजताना दोन आकडे काढा, संख्या आणि क्षेत्रफळ. समजा ३०० तंतू मोजले, २०० पांढरे आणि १०० लाल. संख्येने पांढरे ६७ टक्के. पण पांढऱ्याचा व्यास ६० मायक्रॉन आणि लालचा ३० असेल तर एकेका पांढऱ्याचं क्षेत्रफळ चौपट, आणि हिशोब केला की पांढऱ्यांनी ८९ टक्के जागा खाल्लेली निघते. जोर क्षेत्रफळावर ठरतो, डोक्यांच्या संख्येवर नाही, त्यामुळे नुसती संख्या छापलेला रिपोर्ट मी परत पाठवते.

पीएएस वाचताना तर फारच सांभाळा. फास्ट ग्लायकोलिटिक तंतू गुलाबी भरलेला दिसायला हवा, पण मरायच्या आधी साप पळापळ करून दमला असेल, कुणी काठ्यांनी हाणला असेल, तर तोच तंतू कोरा पांढरा दिसतो आणि तुम्ही त्याला भलत्याच खात्यात टाकता. भर उन्हात डांबरावर दोन तास पडलेल्या सापाचीही तीच गत, एन्झाइम बिघडलेले, ग्लायकोजन गेलेलं, असा नमुना हातात आला तर मी तो फक्त हाडांचा आणि शिरांचा अभ्यास करायला ठेवते.

म्हणून उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये जाणाऱ्या प्रत्येक कुपीवर पेन्सिलीने (पेनाची शाई पुसली जाते) एवढं लिहा: जात, लांबी, नर की मादी, शरीरावरची जागा टक्क्यांत, मेल्यापासून गोठवेपर्यंत किती मिनिटं गेली, तेव्हाचं तापमान, आणि माहिती असेल तर मरायच्या आधी तो काय करत होता.